गळ टाकण्याआधी

बसा इकडे दोघंही. ईशान, ती काठी भिंतीला टेकवून ठेव, गळ लागेल कुणाला तरी. अंधेरी-मुलुंडकडे मासे गरवायला शिकवणारा एखादा क्लब आहे का, असं विचारत होतात ना? आहे. तुमच्या दोघांच्या घरांच्या जवळजवळ मधोमध, पवईच्या तलावावर. पण तिथं नाव घालायच्या आधी तो तलाव आणि त्यातले मासे कोण आहेत ते ऐका. माशाची ओळख नसताना नुसती काठी धरून बसण्यात काही अर्थ नाही.

दोनशे वर्षांपूर्वी पवईला तलावच नव्हता. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत एक लहानसं खेडं होतं. ती सगळी जमीन सरकारनं फ्रामजी कावसजी बनाजी नावाच्या पारशी गृहस्थांना खंडानं दिली होती. बाग करण्याची भारी हौस त्यांना. १८३८ साली त्यांनी विलायतेला राणी व्हिक्टोरियाकडे आंबे धाडले होते. आगबोटीच्या त्या दिवसांत आंबा तिथवर पोचेपर्यंत त्याचं काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. पुढं मुंबई वाढली, विहिरी पुरेनात. मग १८६० साली विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी, आणि तरीही पाणी कमी पडेल म्हणून १८९१ साली पवईच्या टेकड्यांमध्ये बांध घालून हा तलाव केला. पण याचं पाणी पिण्याच्या कसोटीला उतरलं नाही. शहरानं त्याचा नाद सोडला आणि तलाव उरला माशांना, पाखरांना आणि मगरींना. पावसाळ्यात भरून वाहिला की त्याचं पाणी मिठी नदीला मिळतं. माहीमच्या खाडीत जाऊन पडते ना, तीच मिठी.

याच काठावर गळ टाकणाऱ्यांची संस्था आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. स्वातंत्र्याआधीपासूनची. तेव्हा नाव होतं बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन. इलाखा गेला, राज्य आलं, नाव बदललं. तलाव आणि काठ्या तशाच राहिल्या. तिथं जायचं तर आधी मोठ्या माणसाला बरोबर घेऊन नुसतं बघायला जा. सभासद कसं होतात, एका दिवसाचा परवाना मिळतो का, कोणत्या महिन्यांत बंदी असते, पकडलेला मासा सोडायचा की ठेवायचा, हे तिथल्या कचेरीत विचारून घ्या. नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि कचेरीतून बाहेर आलात की घाईनं घरी पळू नका. काठावर जे सर्वांत जुने सभासद बसलेले असतील, त्यांच्यापासून चार हात लांब बसा आणि ते काय करतात ते पाहा.

ते काय करत असतात, सांगू? बराच वेळ काहीच करत नसतात. आणि त्या न करण्यात फार मोठं शास्त्र आहे.

विहिरीच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं तर आभाळाचा एक गोल तुकडा दिसेल. तलावातल्या माशाला बाहेरचं सगळं जग तसंच एका गोलातून दिसतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य आक्रसून सुमारे ९७ अंशांच्या एका खिडकीत येतं. मासा जिथं जाईल तिथं ती खिडकी त्याच्या डोक्यावर त्याच्याबरोबर सरकते. खिडकीच्या बाहेर त्याला आभाळ दिसतच नाही. तिथं पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तलावाचा तळ उलटा दिसतो. काठावरचा माणूस त्या गोलाच्या अगदी कडेला येतो, दबलेला आणि अंधूक. तुमचं डोकं पाण्यापासून मीटरभर उंचीवर असेल आणि मासा तुमच्यापासून सहा मीटर दूर असेल, तर तुम्ही त्याच्या खिडकीच्या काठाशी जेमतेम पुसट रेघ असता. तेच तुम्ही काठाच्या टोकाशी ताठ उभे राहिलात, की त्या गोलात वर सरकता आणि ठळक होता. म्हणून जाणते गळकरी बसून राहतात, झाडाच्या सावलीत, काठापासून थोडं मागं.

अन्वी, तू मगाशी विचारलंस, तिथं बोललं तर चालतं का? चालतं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटतो आणि जवळजवळ सगळा परत फिरतो, पाण्यात फारच थोडा शिरतो. पण पाय आपटलास तर संपलं. जमिनीतून गेलेला धक्का थेट पाण्यात उतरतो. आणि रोहू, कटला, मृगळ यांचे कान फार तिखट. यांना बाहेर कान दिसत नाहीत, पण पोटात हवेची पिशवी असते, वाताशय म्हणतात तिला. पाण्यातल्या ध्वनीनं ती पिशवी थरथरते. त्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची एक साखळी जोडलेली असते आणि ती थरथर तिच्यातून कानाला पोचते. एर्न्स्ट वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० साली ही हाडं पहिल्यांदा नीट वर्णिली, म्हणून त्यांना वेबरची हाडं म्हणतात. आपल्याही कानात तीन हाडांची साखळी आहे, पण ती वेगळ्या वाटेनं घडलेली. दोन निरनिराळ्या प्राण्यांना एकच अडचण आली आणि दोघांनी जवळपास सारखाच उपाय काढला. मला हे इतकं अद्भुत वाटतं, की मासा गळाला लागला नाही तरी हे आठवून मी खूश होतो.

शिवाय अंगावर आणखी एक इंद्रिय. बाजारात रोहू दिसला तर नीट बघ, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ गेलेली असते. ती पार्श्वरेखा. तिच्यातल्या छिद्रांतून पाण्याची हालचाल माशाला कळते. शेजारून कोण गेलं, कुठल्या दिशेनं, किती वेगानं, हे अंधारातही समजतं. त्यामुळं गढूळ पाण्यात मासा तुमचं आमिष दिसण्याआधी त्याची हालचाल ओळखतो. मिशाळ माशांचं तर आणखीनच नवल. त्यांच्या मिशांवरच नव्हे, साऱ्या कातडीवर चव घेणाऱ्या गाठी असतात. असा मासा अंगानं चाखतो.

आता कटला, रोहू, मृगळ या तिघांचं काय ते सांगतो, कारण पवईत गळकरी मुख्यतः यांच्यासाठीच बसतात. तिघंही मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधले, गंगेच्या खोऱ्यातले. एकाच पाण्यात तिघं सुखानं राहतात, कारण जेवायच्या जागा वेगळ्या. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी चरतो. गळ किती खोल सोडायचा हे माशाच्या तोंडाचा आकार सांगतो. बाजारातल्या मासेवाल्या मावशींना विचारा, त्या तिघांची तोंडं शेजारी शेजारी धरून दाखवतील. कोणत्याही पुस्तकापेक्षा ते लवकर कळतं.

पण एक गंमत अशी, की हे मासे साठलेल्या पाण्यात वाढतात, मोठे होतात, पण अंडी घालत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात. पण वाहत्या पाण्याचा, पावसाच्या पुराचा इशारा मिळाल्याशिवाय ती बाहेर पडत नाहीत. म्हणून पूर्वी लोक नद्यांच्या पुरातून त्यांची पिल्लं गोळा करत आणि हंड्यांतून लांब लांब नेत. त्यात चांगल्या माशांबरोबर नको ते मासेही येत. हे कोडं सोडवलं डॉ. हिरालाल चौधरी यांनी. माशाच्या मेंदूखाली एक लहान ग्रंथी असते, पीयूषिका. तिचा अर्क काढून तो त्यांनी माशाला टोचला, आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं स्थिर पाण्यातल्या माशांनी अंडी दिली. नदीनं द्यायचा इशारा माणसानं सुईतून दिला. आज देशभर तळ्यांत सोडली जाणारी पिल्लं बहुतेक याच वाटेनं येतात. १० जुलैला म्हणूनच देशात मत्स्यशेतकरी दिन पाळतात. तुम्ही पवईत रोहू धरलात तर तो तिथं आपोआप जन्मलेला नसतो, कुणीतरी आणून सोडलेला असतो, हे लक्षात ठेवा. मग त्याला हातात धरताना हात ओले करून धरावा, खवल्यांवरचा बुळबुळीत थर पुसू नये, हे सांगावं लागत नाही. तो थर त्याचं जंतूंपासून रक्षण करतो.

मरळ मात्र वेगळा. तो आपलं कुटुंब स्वतः सांभाळतो. कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घ्यायची सोय त्याच्या डोक्यात असते आणि त्याला दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घ्यावीच लागते. वर येऊ दिलं नाही तर मासा असून तो पाण्यात गुदमरून मरतो! त्याची पिल्लं एका घोळक्यानं पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. असा घोळका दिसला की तिथं गळ टाकायचा नाही. पहारेकरी गेला की बाकीचे मासे काही वेळात सगळी पिल्लं फस्त करतात. हा नियम कोणत्याही पाटीवर नसला तरी तुमच्या दोघांसाठी आहे.

मगरींबद्दल आईनं तुम्हाला भीती घातलीच असेल. बरोबर केलं तिनं. पवईत मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, आणि कायद्यानं त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, मासे धुवायला काठावर वाकायचं नाही. मगर उन्हं खायला खडकावर येते, कारण तिचं रक्त आपल्यासारखं आपोआप ऊबदार राहत नाही. आणि तिच्या पिल्लांत नर किती, माद्या किती, हे घरट्यातल्या मातीच्या उबेवर ठरतं. काठावर सपाट, उन्हाची जागा तिला हवी. २०२२ साली तलावाच्या कडेनं सायकलचा रस्ता करायचं काम चालू होतं, ते मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवून थांबवलं.

या तलावाला खरा धोका मगरीचा नाही, सांडपाण्याचा आहे. सांडपाण्यात वनस्पतींचं खत असतं, म्हणून जलपर्णी माजते. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी आणलेली, आणि तिला आता आवर नाही. तिची दाट चादर पसरली की खाली ऊन पोचत नाही, हवा मिसळत नाही. दिवसा पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू सोडतात; रात्री मात्र त्याही श्वास घेतात आणि तोच वापरतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी. गरम पाण्यात तो आधीच कमी मावतो. मे महिन्याच्या पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसतात, गुदमरत असतात. अशा वेळी तिथं कोण हजर असतं? पहाटे काठी घेऊन आलेला माणूस. तलाव आजारी पडला की सर्वांत आधी त्यालाच कळतं. मला या छंदाबद्दल जो आदर आहे तो या कारणानं.

आता एका माणसाची गोष्ट. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, मुंबई इलाख्याच्या मत्स्यखात्यातले. १९४० साली त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतला एक मासा जगासमोर आणला. दोन-तीन सेंटीमीटर लांब, आणि इतका पारदर्शक की आतली हाडं दिसावीत. असे मासे पाण्यात असले तरी माणसाच्या नजरेला निसटतात. कुलकर्णींच्या नजरेला निसटले नाहीत. त्यांनी पाहिलं, की मादीला पोटाखालचा उजवा पर नसतोच. नराच्या गुदद्वारामागच्या पराचे काही काटे लांबून एक अवयव झालेला असतो. त्यानं तो शुक्रजंतूंनी भरलेली एक सूक्ष्म काटेरी कुपी मादीच्या अंगाला चिकटवतो. काटे रुतून बसतात, म्हणून कुपी पाण्याच्या ओढीत वाहून जात नाही. मग मादी अंडी घालते. असा प्रकार माशांत फार दुर्मीळ. कुलकर्णींनी त्या माशाचं नाव ठेवलं होराइक्थिस सेटनाय. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्यखात्याचे सेटना या दोघांच्या सन्मानार्थ. पुढं शास्त्रज्ञांनी त्याला दुसऱ्या प्रजातीत घातलं, पण सेटनाय हे नाव राहिलं. मुंबईच्या आसपासच्या निमखाऱ्या पाण्यात तो आजही राहतो, भांडुप-मुलुंडच्या खाडीकडे पाहताना हे लक्षात असू द्या.

याच कुलकर्णींनी पुढं एका मोठ्या माशाचं काम हाती घेतलं. महासीर. आपल्याकडे खडशी म्हणतात. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ, आणि दात तोंडात नाहीत, घशात! पावसाळ्यात पुराच्या विरुद्ध पोहत वरच्या ओढ्यांकडे जातो आणि तिथं थोडी थोडी करून अंडी घालतो. दख्खनच्या महासीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ साली कर्नल साइक्स यांनी केलं, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. काही नद्यांत, देवाच्या डोहांत लोक यांना देवाचे मासे म्हणून सांभाळतात. महाडजवळचा वाळण कोंड तसाच एक. बाकी नद्यांत मात्र धरणं आली, सुरुंग लावून मासे मारले गेले आणि महासीर झपाट्यानं कमी झाला.

लोणावळ्याला टाटांनी वीज करण्यासाठी धरणं बांधली होती. त्या तलावांत महासीर होते. कुलकर्णी आणि टाटांकडचे ओगले यांनी तिथं वळवणला एक केंद्र उभं केलं. पावसाळ्यात काठाजवळ आलेल्या माद्या हलकेच धरायच्या, पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, नराचा शुक्ररस त्यावर घालायचा, आणि अंडी वाहत्या स्वच्छ पाण्याच्या तबकांत ठेवायची. माशांना पुन्हा तलावात सोडायचं. १९७० च्या दशकापासून हे काम तिथं चाललं आहे आणि तिथली लाखो पिल्लं देशभर गेली. दख्खनचा महासीर जगाच्या धोक्यातल्या जीवांच्या यादीत होता, तिथून तो आता बाहेर आला आहे.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला ती इतक्या सविस्तर सांगितली नसती. कारण याच पिल्लांपैकी काही दक्षिणेत कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता, नदीत मासे वाढावेत. पण कावेरीत आधीच तिचा स्वतःचा महासीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, अवाढव्य, जगात दुसरीकडे कुठंही नसलेला. नव्या माशांची संख्या वाढत गेली आणि उंचवट्यावाला हळूहळू दिसेनासा झाला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी त्याची नीट ओळख पटवली आणि त्याच वर्षी तो अतिधोक्याच्या यादीत गेला. पुण्याच्या नदीतला मासा कावेरीत परका ठरला. म्हणून अमुक मासा अमुक तळ्यात सोडू या, असं कुणी म्हणालं, तर तुम्ही आधी विचारायचं, तो इथला आहे का?

पण हे घडतंय हे कळलं कसं, ते ऐका. कावेरीच्या काठी गालिबोरे इथं गळकऱ्यांचा मुक्काम असे. तिथं मासा धरायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा, असा दंडक. प्रत्येकानं आपली नोंद वहीत करायची. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या शास्त्रज्ञांनी काढून तपासल्या. सहा हजारांवर माशांच्या नोंदी त्यांत होत्या. त्या एकापुढं एक मांडल्यावर स्पष्ट दिसलं, की एक महासीर वाढत गेला आणि दुसरा नाहीसा होत गेला. ही माहिती कुठल्याही प्रयोगशाळेत नव्हती. नदीकाठी हौसेनं बसलेल्या माणसांनी ती न कळत जमवून ठेवली होती.

हे झालं गोड्या पाण्याचं. वर्सोवा, मढ, मार्वे, गोराई, मनोरी, ही अंधेरीकडची बाजू. तिथं क्लब शोधत बसू नका, कोळीवाड्यात जा. कोळीवाड्यांत मच्छीमार सहकारी सोसायट्या आहेत, तिथल्या जाणत्यांना विचारा कुठं बसलेलं चालेल. त्यांच्या डोलीची जाळी जिथं लावलेली असतात तिथं गळ टाकायचा नाही. त्यांचं पोट त्यावर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीला बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. तुम्हीही त्या दिवसांत काठी बाजूला ठेवा. समुद्र तसाही तेव्हा काठावर बसू देत नाही.

आणि कोळ्यांकडून पहिली गोष्ट शिका ती भरतीचा हिशोब. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, बस. चतुर्थी असली तर चार गुणिले तीन बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की वद्य पक्षात पुन्हा एकपासून. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास येते आणि चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो. हा पाऊण म्हणजेच तीन चतुर्थांश. पंधरा तिथी झाल्या की घड्याळ सव्वाअकरा, म्हणजे जवळजवळ बारा तास पुढं सरकतं आणि हिशोब पुन्हा जवळपास जुळतो. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून दुपारी तीनची असेल तर पहाटेही तीनच्या आसपास एक असते. थोडं मागं-पुढं होतं, छापील वेळापत्रकाशी ताडून पाहा. अमावास्या-पौर्णिमेनंतर उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याला फार ओढ नसते. उधाणाच्या भरतीत खडकावर अडकलात तर परतीची वाट पाण्याखाली जाते. म्हणून आधी हिशोब, मग काठी.

मुलुंड, भांडुप, घाटकोपरकडे ठाण्याची खाडी. २०१५ साली तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथं गळ घेऊन जाऊ नका, डोळे घेऊन जा. ओहोटीला चिखलावर निवट्या पाहा. हा मासा पाण्याबाहेर चालतो, उड्या मारतो, आणि दोन्ही डोळे डोक्याच्या माथ्यावर ठेवून सगळीकडे बघतो. कल्ल्यांत पाणी भरून घेतो आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो. चिखलात बीळ खणतो, आणि भरतीत ते बुडलं तरी आत थोडी हवा राहावी म्हणून काही जाती तोंडात हवा भरून बिळात नेऊन सोडतात. पलीकडे ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथं हे सगळं समजावून देतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र गळ नाहीच. तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव, तिथं जायला मनाई आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ईशानच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसतंय. पहिल्या पावसात बदलापूर, कर्जतकडे वलगणीचे मासे चढतात, शेतांच्या बांधावरून, ओढ्यांतून, प्रवाहाच्या उलट. ते बघायला मी तुम्हाला नक्की नेईन. पोटात अंडी घेऊन वर निघालेला मासा बघायचा, धरायचा नाही.

शिकायचं असेल तर आणखी दारं आहेत. अंधेरीत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, १९६१ साली सुरू झालेली; देशभरचे विद्यार्थी मासे शिकायला तिथं येतात. फोर्टात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ सालची. महासीर कसा धरावा यावर मॅकडोनल्ड यांचं एक जाडजूड पुस्तक तिनं १९४८ मध्ये काढलं होतं, आणि तिच्या नियतकालिकात आपल्या नद्यांतल्या माशांवर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं गेलं आहे. जुहूच्या, गिरगावच्या किनाऱ्यावर 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला फेऱ्या काढतात. २०१७ पासून हे चाललं आहे. खडकांतल्या डबक्यांत काय काय आहे ते ओळखायला शिकवतात आणि फोटोसकट नोंदी करून ठेवतात. मराठी विश्वकोशातल्या माशांवरच्या नोंदी घरबसल्या वाचता येतात. तेवढ्या तुम्ही पवईला जायच्या आधी वाचून या, म्हणजे जुन्या सभासदांना विचारायला तुमच्याकडे चांगले प्रश्न असतील. चांगला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला काठावर कुणीही शेजारी बसवून घेतं.

आता काठी कोणती घ्यायची, तंगूस किती जाड, शिसं किती, हे मला विचारू नका. ते तिथं जाऊन शिका. पवईचं पाणी आणि वर्सोव्याचं पाणी वेगळं, सामानही वेगळं. मी तुम्हाला दोघांना फक्त एक एक वही देणार आहे. तारीख, तिथी, जागा, आभाळ कसं, पाणी गढूळ की नितळ, भरती की ओहोटी, आमिष कोणतं, किती वाजता बसलात आणि किती वाजता उठलात. मासा मिळाला तर कुठला, पट्टीनं मोजून किती लांब, सोडला की नाही. आणि मिळाला नाही तर काय? मग त्या रकान्यात शून्य लिहायचं, रकाना मोकळा ठेवायचा नाही. गालिबोरेच्या वह्यांतून शास्त्रज्ञांनी नुसते मासे मोजले नव्हते, किती तास गळ टाकला आणि त्या तासांत किती मासे आले, हे मोजलं होतं. ज्या दिवशी दिवसभर बसून काही मिळालं नाही, तो दिवस वहीत नसेल, तर नदीत मासे भरपूर आहेत असा खोटाच हिशोब निघेल. म्हणून शून्याची ओळ सर्वांत काळजीनं लिहायची, वेळेसकट.